नाशकात होमस्टे चालवताय? चहा-साखर, साबण, टॉवेल पाहुण्यांसाठी नक्की किती ठेवायचं

गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, इंदिरानगर, कुठेही बघा, रिकामा टू बीएचके आता लोकं अकरा महिन्यांच्या करारावर द्यायच्या ऐवजी अॅपवर टाकतात, सोफा येतो, एसी लागतो, फोटो काढून होतात आणि मग शेवटच्या दिवशी प्रश्न पडतो की बाबा साबण किती ठेवायचे, चहा पावडर ठेवायची का, आणि टॉयलेट पेपर आपल्याकडच्या माणसाला लागतो तरी का. यात दोन प्रकारचे होस्ट दिसतात. एक हॉटेलची नक्कल करतात, छोट्या छोट्या बाटल्या, चप्पल, कानकोरणी, सगळं मांडून ठेवतात आणि घरात चहाचं गाळणंच नसतं. दुसरे म्हणतात किचन दिलंय ना, बाकी त्यांचं ते बघतील. मग रात्री साडेअकराला मुंबईहून दोन लहान पोरं घेऊन आलेली फॅमिली फोन करते की दादा घरात मीठ पण नाहीये.

माझं म्हणणं असं की डोकी मोजून अर्धाच हिशोब होतो, उरलेला अर्धा पाहुणे नाशकात कशाला आलेत त्यावर ठरतो. त्र्यंबकला पूजेला आलेले चौघं आणि वाईनरी बघायला आलेले चौघं, संख्या तीच, पण पहिल्यांना बादल्या, दोरी, सेफ्टी पिना आणि पहाटे चारचा चहा लागतो आणि दुसऱ्यांना बर्फ, ग्लास आणि दुपारपर्यंत झोपल्यावर लिंबू. म्हणून सामान भरायच्या आधी विचारून घ्यायचं.

१. बुकिंग आलं की एक मेसेज

लांबलचक फॉर्म कोणी भरत नाही. मी साधारण असा मेसेज टाकतो:

"नमस्कार ताई, बुकिंग मिळालं, धन्यवाद. घरात पहिल्या दिवसापुरतं दूध, चहा-साखर, मीठ-तेल, साबण आणि माणशी एक टॉवेल ठेवलेला असेल. पूजेला येताय की फिरायला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती वाजता निघणार तेवढं कळवा, त्याप्रमाणे तयारी ठेवतो. सोबत लहान बाळ किंवा आजी-आजोबा असतील तर तेही सांगा."

यात एक गोष्ट हळूच सांगून होते, ती म्हणजे 'पहिल्या दिवसापुरतं'. पाहुण्याला आधीच कळलं की पाच दिवसांचा किराणा मिळणार नाहीये तर तो तक्रार करत नाही, तक्रार येते ती अंदाज चुकल्यावर. आणि लिस्टिंगमध्येही हेच शब्द टाका, 'सर्व सुविधा उपलब्ध' असलं काही लिहू नका, त्यात कोणी काय वाचेल सांगता येत नाही.

२. बाथरूम

कोण कशालाही आलं तरी हे लागतंच.

प्रत्येक बाथरूमला २० लिटरची एक बादली, मग आणि बसायला प्लास्टिकचं स्टूल. शॉवर कितीही भारी बसवा, आपल्याकडची निम्मी लोकं बादलीनेच आंघोळ करतात आणि आजी असतील तर स्टूल पाहिजेच. अँटीस्लिप मॅट पण टाका, शंभर-दीडशेची वस्तू आहे.

साबण: दोन रात्रींसाठी माणशी १५-२० ग्रॅमची एक छोटी वडी पुरते. मोठी वडी ठेवली तर ती अर्धी उरते आणि अर्धी वडी पुढच्या पाहुण्याला देता येत नाही, म्हणजे फेकायचीच. बेसिनपाशी हँडवॉशची पंपवाली बाटली, ही कायमची, फक्त प्रत्येक वेळी वरपर्यंत भरलेली दिसली पाहिजे. शाम्पूच्या पुड्या माणशी दोन. खोबरेल तेलाची एक पुडी ठेवून बघा, बायका हमखास वापरतात आणि खर्च काहीच नाही.

टॉयलेट पेपर: जेट स्प्रे असेल तर घरगुती पाहुणे रोलला हात लावत नाहीत, तरीही एक रोल लावलेला आणि एक सीलबंद कपाटात, प्रत्येक टॉयलेटला. परदेशी पाहुणे असतील तर चार ठेवा. पण रोलपेक्षा महत्त्वाचं म्हणजे जेट स्प्रेला प्रेशर आहे का ते बघणं, बोअरचं पाणी असलेल्या बिल्डिंगमध्ये सहा महिन्यांत त्याची भोकं क्षारांनी बुजतात. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला की मोकळा होतो.

झाकणाचा डस्टबिन, त्यात पिशवी लावलेली, आणि कपाटात सॅनिटरी पॅडचं एक छोटं बंद पाकीट व थोड्या कागदी पिशव्या. हे कोणी मागत नाही, लाजतात, पण ज्या बाईला गरज पडली ती पुढच्या वेळी तुमच्याकडेच येते. टूथब्रश, छोटी पेस्ट मांडून ठेवू नका, मांडलं की गरज नसताना पण उघडतात. ड्रॉवरमध्ये दोन सेट ठेवा, मागितलं की सांगायचं तिथे आहे.

आता गीझर. ही वस्तू सप्लायच्या यादीत येत नाही पण गरम पाणी पुरवणं हे पण पुरवणंच आहे ना. १५ लिटरचा २ किलोवॅटचा गीझर हिवाळ्यातलं गार पाणी तापवायला वीस मिनिटं तरी घेतो आणि त्यात गार पाणी मिसळून दीड बादली आंघोळीचं पाणी मिळतं. सहा माणसं, एक गीझर आणि पहाटे पाचला निघायचंय, म्हणजे पहिल्याने साडेतीनला उठायला पाहिजे. हे गणित पाहुण्याला आदल्या रात्रीच सांगा, नाहीतर दुसऱ्या बाथरूमला पण गीझर बसवा. पूजेची बुकिंग जास्त येत असतील तर दुसरा गीझर हीच पहिली गुंतवणूक करा, स्मार्ट टीव्ही नंतर.

३. किचन

चहाचा हिशोब एकदा नीट मांडून ठेवला की परत डोकं लावायला लागत नाही. कपाला एक चमचा पावडर, म्हणजे ३ ग्रॅम, दोन चमचे साखर म्हणजे ८ ते १० ग्रॅम, आणि दूध ६०-७० मिली. चौघं, दोन रात्री, म्हणजे आल्यावरचा चहा, सकाळचा, संध्याकाळचा, परत सकाळचा, असे सोळा कप. पावडर ५० ग्रॅम, साखर १६० ग्रॅम, दूध लिटरभर. मी ६० ग्रॅम पावडर, २०० ग्रॅम साखर आणि दुधाची अर्ध्या लिटरची एकच पिशवी ठेवतो, कारण दूध पहिल्या दिवसापुरतंच द्यायचं असतं, दुसऱ्या दिवशीचं ते कोपऱ्यावरच्या डेअरीतून आणतात आणि त्यांना ते आवडतं पण. मात्र कोणी रात्री दहानंतर पोचणार असेल आणि पहाटेच निघणार असेल तर डेअरी त्यांच्या उपयोगाची नाही, तेव्हा दोन पिशव्या. दूध फाटलं तर म्हणून दूध पावडरच्या चार पुड्या कायम असू द्या. आल्याचा तुकडा टाका. कुंडीत गवती चहा असेल तर सोन्याहून पिवळं. बिनसाखरेची दोन माणसं चौघांत निघतातच, त्यामुळे साखर उरली तर घाबरू नका, पण ओला चमचा गेलेली साखर परत मोठ्या डब्यात ओतायची नाही.

म्हणूनच छोटे डबे. प्रत्येक बुकिंगला छोट्या डब्यात ताजं भरायचं, मोठा साठा आत कुलपात. मोठा किलोचा डबा ओट्यावर ठेवला तर लोकं जास्त वापरतात असं नाही, पण त्यात मुंग्या होतात, हात जातात, आणि पुढचा पाहुणा त्या डब्याकडे बघूनच बाहेर चहाला जातो.

मीठ, हळद, तिखट, जिरं, मोहरी, सगळं दोन-दोन चमच्यांच्या मापाने, आणि तेल २०० मिलीच्या बाटलीत. फॅमिली बुकिंग असेल तर मी खिचडीचं सामान ठेवतो, चौघांना दीड वाटी तांदूळ आणि पाऊण वाटी मूगडाळ एका पिशवीत बांधून. कसारा घाटात ट्रॅफिकमध्ये अडकून रात्री बाराला पोचलेल्या आईला ती पिशवी दिसली की तिला काय वाटत असेल ते मी लिहून उपयोग नाही, रिव्ह्यूमध्ये तीच लिहिते.

पोहे, ब्रेड, अंडी, जॅम यातलं काही ठेवायची गरज नाही. नाशकात आलेला माणूस सकाळी मिसळ खायला बाहेर पडणार, तुम्ही कितीही कौतुकाने ठेवा, ते पोहे तसेच राहतात. त्यापेक्षा जवळच्या दोन-तीन मिसळवाल्यांची नावं आणि ते किती वाजता उघडतात ते फ्रीजवर चिकटवा.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला ३ लिटर धरा. चौघांना १२ लिटर, म्हणजे २० लिटरचा जार दीड दिवस. आरओ असला तरी पाहुणे यायच्या आधी चार बाटल्या भरून टेबलवर ठेवायच्या, प्रवासातून आल्यावर आरओचा बारीक धार असलेला नळ पकडून उभं राहायची कोणाची तयारी नसते.

गॅसबद्दल: घरगुती १४.२ किलोचं लाल सिलिंडर धंद्याला वापरायचं नसतं, त्यामुळे नुसता चहा आणि खिचडीच होणार असेल तर इंडक्शन बरं. पण मग भांडी पण तशीच लागतात, सपाट बुडाची स्टीलची. अॅल्युमिनियमचं पातेलं इंडक्शनवर तापतच नाही आणि पाहुणा म्हणतो शेगडी बिघडलीय. भांडी बाजारात गेलात तर खिशात एक लोहचुंबक घेऊन जा, बुडाला चिकटलं तरच घ्या.

भांडी घासायचा साबण अर्धी वडी चालेल पण घासणी प्रत्येक पाहुण्याला नवीन, यात काटकसर नको. दोन रात्रींना कचऱ्याच्या चार पिशव्या, दोन ओल्या दोन सुक्या, आणि घंटागाडी तुमच्या गल्लीत किती वाजता येते ते लिहून ठेवा नाहीतर पाहुणे पिशवी दाराबाहेर ठेवून जातात, रात्री कुत्री ती फाडतात आणि सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर तुमच्या नावाने सुरू होतं.

४. चादरी आणि टॉवेल

प्रत्येक बेडमागे तीन सेट: एक अंथरलेला, एक धुवायला, एक कपाटात. दोन सेटवर चालतं असं वाटतं पण पावसाळ्यात चादर दोन दोन दिवस वाळत नाही, तेव्हा तिसरा लागतो. टॉवेल माणशी एक आणि दर दोघांमागे एक जास्तीचा, शिवाय हात पुसायचे नॅपकिन.

रंग पांढरा की गडद यावर वाद आहे. पांढरा दिसतो छान आणि ब्लीच करता येतो, पण आपल्याकडे येतं कोण ते बघा. हळद-कुंकवाचे हात ज्या टॉवेलला पुसले जाणार तो पांढरा घेऊन काय करणार? हळदीचा डाग साबण लागला की लालसर होतो, साफसफाईच्या मावशी घाबरतात की रंग लागला कुठला, पण तो साबणातल्या अल्कलीने झालेला असतो. स्वच्छ पाण्याने साबण काढायचा, डाग परत पिवळा होतो, मग कडक उन्हात टाकायचा, ऊन हळदीचा रंग खातं. दोन-तीन दिवसांत फिका पडतो. कुंकवाचं मात्र तसं नाही, कुंकू बऱ्याचदा राहतंच. रेड वाईन सांडली तर लगेच टिपून घ्यायची, घासायची नाही, मग गार पाणी. माझ्याकडे बेडवर पांढरं आणि बाथरूमला मातकट तपकिरी असं आहे, दिसायला बरं दिसतं आणि मनस्ताप नाही.

थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली जातं, निफाडकडे तर अजून. मुंबईचा माणूस पातळ शालीत येतो. माणशी एक जाड ब्लँकेट आणि घरात दोन जास्तीची, कपाटात कुठे आहेत हे सांगून ठेवायचं. रात्री दोनला ब्लँकेट मागायला कोणी फोन करत नाही, कुडकुडत झोपतात आणि सकाळी तीन स्टार देतात.

५. कशाला आलेत त्याप्रमाणे काय वाढवायचं

पूजेची मंडळी. हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आणि कुठल्याच बाहेरच्या चेकलिस्टमध्ये यांचं काही सापडत नाही. नारायण नागबळी तीन दिवस चालते, कालसर्प एका दिवसात होते, त्यामुळे कुठली पूजा ते विचारलं की मुक्काम कसा जाणार ते कळतं. त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडात स्नान करून ओले कपडे पिशवीत घालून येतात, रोजच्या रोज. बाल्कनीत दहा मीटर तरी दोरी आणि दोन डझन चिमटे लागतात, पावसाळ्यात घडीचा स्टँड पंख्याखाली. सोबत न्यायला जुने टॉवेल वेगळे ठेवा, माणशी एक, कोपऱ्याला रंगीत दोऱ्याची टीप मारून ठेवायची म्हणजे ते घरातल्या टॉवेलात मिसळत नाहीत आणि कुंडावर राहिला तरी जीव जळत नाही. इस्त्री पाहिजेच. सेफ्टी पिनांचं कार्ड, सुईदोरा, काडेपेटी, आरसा बाईला पूर्ण साडी दिसेल एवढा उंच. पूजेच्या दिवसांत कांदा-लसूण खात नाहीत, तेव्हा एक कढई आणि एक पातेलं वेगळं काढून त्यावर नुसतं 'शाकाहारी, कांदा-लसूण नाही' अशी चिठ्ठी लावा, तुम्ही न सांगता केलंत याचं लोकांना फार अप्रूप वाटतं. आणि ती चिठ्ठी खरी असली पाहिजे, त्या भांड्यात इतर वेळी अंडी उकडलेली चालणार नाहीत.

रामकुंडावर अस्थिविसर्जनाला किंवा दशक्रियेला आलेली माणसंही उतरतात. त्यांना वेलकमचे पेढे, फुलं, असलं काही नको. ते परत आले की आधी आंघोळी करतात, तेव्हा दारापासून जवळच्या बाथरूममध्ये बादली, साबण, टॉवेल तयार, गीझर कधी चालू करायचा ते सांगितलेलं, आणि चहा-साखर जरा जास्त कारण नातेवाईक भेटायला येत राहतात. चौघांचं बुकिंग असलं तरी आठ जणांचा चहा धरा. पेपर कप ठेवा. जास्तीच्या माणसांवरून हुज्जत घालायची ही वेळ नाही, रात्री राहणार नसतील तर सोडून द्या.

वाईनरीवाले शनिवारी दुपारी येतात, रविवारी निघतात. त्यांना स्वयंपाकघर जवळजवळ लागत नाही. बर्फाचे चार ट्रे आदल्या दिवशी भरलेले, काचेचे ग्लास माणशी दोन, कॉर्कस्क्रू, कागदी नॅपकिन, लिंबं, ओआरएसच्या दोन-तीन पुड्या, आणि बाटल्यांसाठी वेगळा खोका. काच कचऱ्याच्या पिशवीत गेली की मावशींचा हात कापतो, म्हणून खोका. द्राक्षाच्या सीझनला, जानेवारी ते मार्च, एक घड फ्रीजमध्ये ठेवला तर फोटो हमखास निघतो, खर्च असून असून किती.

पावसाळ्यात अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर करून येणारी पोरं म्हणजे चिखल. दाराबाहेर काथ्याचं पायपुसणं, आत सुती, बुटात कोंबायला जुन्या पेपरची थप्पी, कपड्याच्या पावडरची पुडी दोन जणांमागे एक. त्यांना टॉवेल पण तपकिरीच द्या.

सातपूर, अंबडच्या कंपन्यांत कामाला आलेले पंधरा-वीस दिवस राहतात. यांच्याकडे नियम सोपा: पहिल्या तीन दिवसांचं सगळं आपलं, नंतर साबण, चहा, किराणा त्यांचा. पण पाण्याचा जार, कचऱ्याच्या पिशव्या, टॉयलेट क्लीनर, मच्छरच्या मशीनचं रिफील हे शेवटपर्यंत आपलंच, कारण हे त्यांनी आणायचं ठरवलं तर आणलंच जात नाही आणि घराची वाट लागते. चादरी आठवड्याला. जेवणाच्या डब्याचा नंबर द्या, एवढंच ते विचारतात.

६. साठा आणि मावशी

घरातलंच एक कपाट कुलूपबंद करा, चावी मावशींकडे आणि तुमच्याकडे. रविवार कारंज्याच्या बाजूला होलसेलमध्ये महिन्याचं एकदा भरलं की बरंच स्वस्त पडतं, फक्त साबणाच्या शेजारी चहा पावडर ठेवू नका, पावडर वास ओढून घेते. दाराच्या आतल्या बाजूला कागद लावा, वस्तू आणि माणशी किती, आणि मावशींना सांगा की भरून झालं की ओटा, बाथरूम, बेड असे तीन फोटो ग्रुपवर टाका. वाचायला अडचण असेल तर कागदावर वस्तूंची चित्रं काढा किंवा रिकामी पाकिटं चिकटवा, काम सोपं होतं. उघडलेलं खायचं सामान उरलं तर ते मावशींनी घरी न्यायचं हे आधीच ठरवून टाका, म्हणजे पुढच्या पाहुण्याच्या डब्यात जुनं ओतायचा मोह राहत नाही.

खर्चाचं म्हणाल तर चौघांच्या दोन रात्रींना दूध, चहा, साखर, साबण, शाम्पू, घासणी, पिशव्या धरून अडीचशे-तीनशे रुपयांत बसतं, धुलाई वेगळी. ते भाड्यातच धरा. चहाचे वेगळे पन्नास रुपये लावणारे होस्ट आहेत, त्यांचं त्यांनी बघावं.

आणि आता सिंहस्थ कुंभमेळा. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऐन पावसात. पर्वणीच्या, म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवसाच्या आसपास गाड्या बाहेरच अडवतात, पंचवटीच्या बाजूला तर चालतच जायला लागतं, तेव्हा रोज येणारा जारवाला, दूधवाला, लॉन्ड्रीवाला यांच्यावर भरवसा ठेवू नका. पर्वणीच्या आठ दिवस आधी जार दुप्पट, दूध पावडर, टॉवेल-चादरींचा चौथा सेट भरून घ्या, टाकीच्या पाण्याचं सोसायटीशी बोलून ठेवा. मावशी पलीकडून येत असतील तर त्या दिवशी त्यांना पोचता येणार नाही हे धरूनच चाला, बिल्डिंगमधल्याच कोणाला तरी आत्तापासून कपाट दाखवून ठेवा आणि दुसरी चावी करून घ्या.